तायडे मॅडमचं जनुक

तायडे मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या त्या स्टुलावर उभ्या. नेमणुकीचा कागद घेऊन मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभाग शोधत होते. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत मुलामुलींचा घोळका टेबलाभोवती जमलेला आणि मधोमध एक ठेंगण्या बाई पदर कमरेला खोचून स्टुलावर चढलेल्या. हातात ड्रॉपर, खाली टेबलावर गार केलेली काचपट्टी. त्यांनी एक डोळा मिटून नेम धरला, थेंब सोडला आणि तो पट्टीवर पडताच वरूनच ओरडल्या, "फुटली! पेशी फुटली, गुनसूत्रं मोकयी झाली. आता वाळू द्या तिले, हात नोका लावू!"

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "तुमी काहून आल्या?"

मी नाशिकची. आमच्याकडे असं विचारलं की माणूस पाय मागे घेतो. मी चाचरत म्हणाले, "रुजू व्हायला."

"मंग तथी काहून उभ्या? या ना जी आत!"

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अकोल्यात राहायला आले होते, आणि मॅडमही अकोल्याच्याच. माझं नाव त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि पुढे क्वचितच वापरलं. मी 'नाशिक' झाले. "ओ नाशिक, चाय घेता काय?" असं त्या विभागाच्या दुसऱ्या टोकावरून विचारत.

स्टुलाचं प्रकरण साऱ्या महाविद्यालयाला माहीत होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागायच्या बेतात असताना थांबवायच्या, फुगवायच्या आणि वरून काचेवर टाकायच्या, म्हणजे त्या फुटतात आणि आतली गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात. पुस्तकात यासाठी वीतभर उंची पुरते असं लिहिलेलं. मॅडमना ते मान्य नव्हतं. उंचावरून टाकलं की पसरतात छान, असं त्यांचं मत. एकदा प्राचार्यांनी काळजीनं सांगितलं, "मॅडम, या वयात पडलात तर?"

"सर, मी पडन तर पडन. गुनसूत्रं तर बरोबर पडतीन!"

प्राचार्य हसत निघून गेले. दुसऱ्या दिवशी विभागात एक नवं, रुंद पायांचं स्टूल आलं.

वर्गातही त्या वऱ्हाडीच बोलायच्या. वऱ्हाडातल्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो, मी सांगतो' म्हणायच्या. परगावचे पाहुणे व्याख्यानाला आले तरी त्यात फरक पडत नसे. 'समजलं का' हा प्रश्न मात्र त्यांनी कधीही विचारला नाही. त्यांचा प्रश्न एकच: "दिसलं का?" एखाद्यानं नुसती मान हलवली की म्हणत, "मान नोको हालवू. काय दिसलं ते सांग." रिसेप्टर हा शब्द त्यांनी मुलांना फळ्यावर लिहून दिला आणि लगेच बाजूला सारला. "कान म्हना. पेशीचा कान. रक्तातून हाक येते, 'वाढा, तयार व्हा, दुश्मन आला.' कान असन तर ऐकू येईन. नाही तर पेशी बसली आपली बहिरी."

सकाळी आम्ही दोघी अकोल्याहून गाडी पकडायचो, बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून ऑटोनं अमरावतीत. डब्यातली मंडळी ठरलेली: बँकेतले देशमुख काका, तहसिलातल्या दोन बाया, मूर्तिजापूरला चढणारी विद्यार्थ्यांची टोळी. मॅडमच्या पर्समध्ये फुटाण्यांचा पुडा असायचा. तो उघडला की डब्याचा वर्ग व्हायचा. कुणी काही विचारो न विचारो.

एकदा त्यांनी खिडकीतून बोट दाखवत सगळ्यांना जनुकाची रचना सांगितली. "हे पाहा. मूर्तिजापूर आलं, मंग माना, मंग कुरम, मंग टाकळी. ठेसन बारकं, अन् मधात पराटीचं, कापसाचं, वावरच वावर. जनुक अस्संच असते. कामाचे तुकडे म्हंजे ठेसन. मधातलं सारं वावर. पेशी काय करते? मधातलं वावर कापून टाकते, ठेसनं एकाले एक जोडते, अन् मंग वाचते. माह्या जनुकाले असे आठ तुकडे हायेत."

"मंग मधातल्या वावराचं काम काय, मॅडम?" देशमुख काकांनी विचारलं.

"ते सारं मले ठाऊक असतं, तर मी या डब्यात बसली असती काय?"

'माह्या जनुकाले' हे त्या सहज म्हणाल्या होत्या. काकांनी ते पकडलं. तुमचं म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती गोष्ट कळली.

मॅडमचे वडील अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये सरकी उचलायचे. अंगावर कापसाचं तूस घेऊन संध्याकाळी घरी येत आणि मुलीला पहिला प्रश्न विचारत, "आज काय शिकली?" ती मुलगी शिष्यवृत्तीवर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला पोचली. पांढऱ्या पेशींच्या एका कानाचं जनुक तेव्हा नवंनवं हाती लागत होतं. त्याचे तुकडे किती आणि ते माणसाच्या कोणत्या गुणसूत्रावर कुठे बसलंय, हे शोधायचं काम तिच्या वाट्याला आलं. जनुकाच्या तुकड्याला चकाकणारा रंग लावायचा, तो पसरलेल्या गुणसूत्रांवर सोडायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. तो आपली जागा हुडकून चिकटतो आणि तिथं ठिपका उजळतो.

"वरीसभर सारंच चमके," मॅडम सांगत होत्या. "इथी बी ठिपका, तिथी बी ठिपका. धुताना चूक व्हाये. अन् मंग एका दिवशी बरोबर दिसलं. एक्स गुनसूत्र, त्याची कंबर, अन् कमरेच्या जरासं खाली, लांब बाजूवर, ठिपका. दुसरी पेशी पाह्यली, तिथीच. तिसरी, तिथीच. मी आमच्या गाईड सरायले हात धरून ओढत आनलं."

ते छापायला पाठवायची तयारी चालली होती तेव्हा ग्रंथालयात परदेशी नियतकालिकाचा ताजा अंक आला. तिकडच्या लोकांनी तेच जनुक, तेच आठ तुकडे, तीच जागा छापून टाकली होती.

तहसिलातल्या बाईंनी हळूच विचारलं, "लय वाईट वाटलं असन?"

"पयले तर लय आनंद झाला. मी जथी बोट ठेवलं होतं, तथीच त्यायनं ठेवलं होतं. बोट चुकलं नव्हतं माहं." मॅडमनी दोन फुटाणे तोंडात टाकले. "मंग रडली. सरायनं भजे मागवले. भजे खाता खाता रडली."

प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली. वडील आजारी पडले म्हणून त्या अकोल्याला परतल्या आणि अमरावतीत शिकवायला लागल्या. ही गोष्ट त्या कुणाला मुद्दाम सांगत नसत आणि लपवतही नसत.

मूर्तिजापूरला चढणाऱ्या टोळीत आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातली प्रणिता होती. कुणबी शेतकऱ्याची मुलगी, हुशार, बडबडी. एका सकाळी ती चढली ती डोळे सुजवून. मॅडमनी तिला शेजारी ओढून बसवलं. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. कारण तिची मोठी बहीण अर्चना. अर्चनाला चांदूर बाजारला दिली होती. तिला पहिली मुलगी झाली, ती धडधाकट. मग एकापाठोपाठ दोन मुलगे झाले, आणि दोघेही वर्षाच्या आत गेले. आता ती पुन्हा गरोदर होती आणि सासू गावभर सांगत होती, या घरच्या पोरी पोट्टे खातात.

मॅडमचा फुटाण्यांचा हात थांबला. "लेकरं गेले कायनं?"

"तापानं. खोकला जायेच ना. जुलाब, तोंडात पांढरं पांढरं. तिसऱ्या-चवथ्या महिन्यापासून वजनच भरे ना. डॉक्टरायनं लय औषधं देल्ली."

"दोघायचं बी अस्संच?"

"हाव."

"तुह्या आईले भाऊ किती?"

"मामा नाहीत मॅडम आमाले. दोघं झाले होते म्हनते आजी. लहानपनीच गेले."

"अन् मावश्या?"

"तीन हायेत. चांगल्या ठनठनीत."

यानंतर मॅडमनी पुडा मिटून पर्समध्ये टाकला आणि बडनेऱ्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. देशमुख काकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. फलाटावर उतरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "नाशिक, रजा टाका. आपल्याले चांदूर बाजारले जा लागते."

घर चांगलं खातंपितं होतं. अर्चनाचा नवरा गजानन शेतातून आलेला, अर्चना भिंतीला टेकून बसलेली, पाच वर्षांची परी तिच्या मांडीला चिकटलेली. सासूबाई खाटेवर. उंच, घाऱ्या डोळ्यांच्या, करारी. त्यांनी मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तायडे म्हंजे कोनते तायडे?"

वऱ्हाडात तायडे कुणब्यांतही आहेत आणि बौद्धांतही. प्रश्न काय आहे ते सगळ्यांनाच कळलं. मॅडम खाटेसमोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "एप्रिलात जयंती करते ते तायडे. आता माह्यं ऐकता काय, मावशी?"

चहा आला. मॅडमनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला आणि सुरुवात केली. लेकरांच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना कानच नसतील, म्हणून त्यांना हाक ऐकू येत नाही, म्हणून त्या वाढत नाहीत, आणि मग साधा खोकलाही लेकराला घेऊन जातो. त्या कानाचं जनुक एक्स गुणसूत्रावर. बाईला एक्स दोन असतात, एक बिघडलं तरी दुसरं काम धकवतं. पोराला एकच.

"मी डॉक्टर नोय, मास्तरीन आहो," त्या म्हणाल्या. "मले वाटते ते सांगतो. रक्त तपासल्याबिगर नक्की कोनी सांगू शकत नाही."

सासूबाईंनी सगळं नीट ऐकलं होतं. त्या हुशार होत्या. "एक्स आईकून येते म्हनता ना? मंग मी काय खोटं बोलली? दोष हिचाच."

अर्चनाची मान आणखी खाली गेली. म्हातारीनं नेमकं बोट ठेवलं होतं. मॅडमनी काही नाकारलं नाही.

"हाव, आईकूनच येते. मी खोटं नाही सांगनार." त्या पुढे झुकल्या. "मावशी, तुमचे डोये घारे. गजाननचे बी घारे. तुमी ठरवून देल्ले त्याले?"

"ठरवून कोन देते बाई?"

"मंग हिनं ठरवून देल्लं? हिले तर ठाऊक बी नव्हतं. हिच्या मायले नव्हतं, तिच्या मायले नव्हतं. दोन लेकरं तुमच्याच अंगनातून गेले, ते काय नुसते तुमचेच गेले? हिचे नाही गेले?"

परी आईच्या तोंडाकडे पाहत होती.

"दोष वाटायले लय वेळ हाये. पोटातल्याले नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलगी झाली तर हा आजार व्हायची भीती नाही. मुलगा झाला तर निम्मी निम्मी गोष्ट. आधी ठाऊक असन तर लेकरू वाचते. मागचे दोन कोनाले ठाऊक नव्हतं म्हनून गेले. बोला, रक्त देता काय?"

गजानन आईकडे न पाहता म्हणाला, "देतो जी."

रक्त मुंबईला गेलं. मॅडमच्या जुन्या प्रयोगशाळेतली एक मैत्रीण आता अशाच तपासण्यांचं काम करत होती. निकालाचा फोन आला तेव्हा मॅडम बेडकाचं हृदय शिकवत होत्या. त्या व्हरांड्यात गेल्या, बराच वेळ नुसतं 'हं, हं' म्हणाल्या आणि परत येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"पाचव्या तुकड्यात एक अक्षर बदललं हाये. अर्चनाच्या एका एक्सवर." मग जरा वेळानं, "त्या पाचव्या तुकड्यानं लय छळलं होतं मले. सारखा अर्धाच वाचता ये."

पोटातल्या बाळाची तपासणी करायचे दिवस तोवर निघून गेले होते. वाट पाहणं एवढंच हाती होतं. चांदूर बाजारच्या सासूबाईंनी नात व्हावी म्हणून नवस बोलला. सासू नातवासाठी हटून बसल्याचं मी ऐकलंय, पण नातीसाठी नवस बोलणारी सासू मी तेवढी एकच पाहिली.

मुलगा झाला.

अमरावतीच्या एका दवाखान्यात बाळंतपण झालं. बालरोगतज्ज्ञांशी मॅडम आधीच बोलून आल्या होत्या. त्या तरुण डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रांजळपणे म्हणाले, "मॅडम, हे मी वाचलंय, पाहिलेलं नाही. आपण बरोबर करू." जन्मतःच देतात ती क्षयाची लस द्यायची नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. तरी मॅडम सकाळपासून खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. पाळी बदलली, नवी परिचारिका लशीचा ट्रे घेऊन आली, तशा त्या उठून तिला आडव्या आल्या.

"याले नाही, माय. यात जित्ता जंतू असते. बाकीच्या लेकरायच्या पेशी त्याले पाहून लढायले शिकतात. याच्या पेशीले कान हाये का नाही ते अजून ठाऊक नाही."

परिचारिकेनं कागद वाचला. "हो मॅडम, सरांनी लिहिलंय. पण तुम्ही कोण?"

खाटेवरून अर्चना म्हणाली, "आमच्या हायेत त्या."

तपासणीत दिसलं ते दिसलंच. त्या पेशी बाळाच्या रक्तात जवळजवळ नव्हत्या. मॅडमनी त्या दिवशी कुणाचं सांत्वन केलं नाही. बाळाला स्वच्छ, वेगळ्या खोलीत ठेवायचं, बारसं करायचं नाही, पाहुणे यायचे नाहीत, परीनंसुद्धा काचेतूनच पाहायचं, हे सगळं त्यांनी धाक घालून पक्कं केलं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त जुळवून पाहिलं. जुळलं ते परीचं. परीची अस्थिमज्जा, हाडांतला जो मऊ गर नवं रक्त बनवतो तो, भावाला द्यायचं ठरलं. परीला काय करायचं ते मॅडमनी स्वतः समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माह्या पेशीले कान हायेत?"

"लय मोठे."

"मंग देतो," परी म्हणाली.

ते लोक दूरच्या मोठ्या शहरात गेले आणि आमचा अख्खा डबा त्यांच्याबरोबर गेला म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी देशमुख काका मॅडमना डब्यात चढूही देत नसत. "पेशी आल्या काय जी?" तहसिलातल्या बाया फुटाणे नको म्हणायच्या, आधी पेशींचं सांगा. आणि मॅडम मान हलवायच्या. आल्या नाहीत. त्या आठवड्यांत त्या वर्गात नेहमीसारखंच शिकवायच्या, पण स्टुलावर मात्र चढल्या नाहीत. मुलांनाच चढवायच्या आणि स्वतः खिडकीशी उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "नाशिक, आपन उगाच त्या मानसायले आशा लावली तर नाही?" एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी तेवढंच पाहिलं.

गजाननचा फोन आला तो गाडी कुरमच्या पुढे असताना. रेंज येत-जात होती. मॅडम एका कानात बोट घालून ओरडत होत्या, "किती? किती म्हनला? पुन्हा सांग!" मग फोन खाली घेतला आणि डब्याकडे पाहत राहिल्या. देशमुख काका उभेच होते.

"आल्या," मॅडम म्हणाल्या. "परीच्या पेशी तिथी रुजल्या. वाढून राहिल्या."

काकांनी टाळी वाजवली. तहसिलातल्या बायांनी मॅडमना मिठी मारली. पलीकडच्या बाकावर नागपूरकडे चाललेलं एक कुटुंब होतं, त्यांना वाटलं बाईंना नातू झाला. त्यांनी अभिनंदन केलं आणि मॅडमनी ते घेतलं.

प्रणितानं पुढे स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. निकाल काय आला ते मला माहीत नाही. मॅडमना माहीत असावा, त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती आता नागपुरात अशाच तपासण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि ज्याच्याशी लग्न केलं त्याला सगळं आधी स्वतःच्या तोंडानं सांगून मग केलं. कुणीतरी मॅडमना म्हणालं, काय योगायोग, तुमचंच जनुक नेमकं तुमच्या विद्यार्थिनीच्या घरात निघालं. मॅडमना ते आवडलं नाही. "योगायोग कायचा? असे घरं तालुक्या-तालुक्यात असतीन. कोनी इचारत नाही, मामा कायनं गेला म्हनून."

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण त्यांनी दोन मिनिटांत आटोपलं आणि जिलेबीकडे वळल्या. मी आता एकटीच गाडीनं जाते.

गेल्या हिवाळ्यात त्या भेटल्या त्या चांदूर बाजारला. लहानग्याचा वाढदिवस होता. त्याचं नाव घरच्यांनी अक्षय ठेवलंय. अंगणात मांडे करायची धांदल चालली होती. सासूबाई आणि मॅडम चुलीपाशी शेजारी शेजारी पाटावर बसून भांडत होत्या, पुरण किती सैल असावं यावरून. "तायडेबाई, तुमाले गुनसूत्रातलं कळते, पुरनातलं नाही," सासूबाई म्हणत होत्या. मॅडम मागे हटत नव्हत्या.

तेवढ्यात अर्चना किंचाळली. अक्षय गोठ्याच्या कडेला बसला होता आणि दोन्ही हातांनी माती तोंडात कोंबत होता. गजानन धावला, परी धावली. मग सगळे मधेच थबकले आणि मॅडमकडे बघायला लागले. इतकी वर्षं या घरात पाणी उकळून, हात धुऊन, दारं लावून काढलेली. सासूबाईंच्या हातातलं पुरण तसंच राहिलं.

मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सावकाश चालत गेल्या, त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि त्याचं तोंड उघडून आत डोकावल्या.

"गोड हाये काय रे?"

अक्षयनं जरा विचार केला. "नाई."

"मंग थुक."

तो थुंकला. मॅडमनी पदरानं त्याचं तोंड पुसलं, हातातली उरलेली माती झटकली आणि तिथूनच, न उठता, चुलीकडे तोंड करून ओरडल्या, "मावशी, मांडा जळून राहिला!"